उत्तर कोणत्या लाइनने जाते?

रस्त्याचे काम निघाले की मराठवाड्यातल्या गावांत नेट जाते. जेसीबीचा दात जमिनीत घुसतो, मातीबरोबर केबलचा काळा तुकडा वर येतो आणि पुढच्या गावांतल्या बँका, सेवा केंद्रे, शाळा एकदम गप्प होतात. एखाद्या तालुक्यापुरते हे दुखणे नाही. देशभरात खोदकामामुळे ऑप्टिकल फायबर तुटण्याचे दरवर्षी सुमारे १० लाख प्रकार होतात आणि त्यात सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारने सांगितले आहे. त्यावर उपाय म्हणून २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झाले. खोदणाऱ्याने आधी कळवायचे, ज्याची केबल असेल त्याने जागा दाखवायची, अशी ती सोय.

सोय चांगली आहे. पण ज्याचे काम नेटवाचून अडते तो ॲपच्या भरवशावर बसत नाही. तो दुसऱ्या कंपनीची दुसरी लाइन घेतो. पैसे भरले, दुसरा डबा भिंतीवर लागला, त्याचाही हिरवा दिवा पेटला, की काम झाले असे बहुतेकांना वाटते. खरी गुंतागुंत तिथूनच सुरू होते, कारण एका सर्व्हरला दोन नेटवर्क जोडली की त्याला एक प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर माणसाने आधीच लिहून ठेवावे लागते: आलेल्या मागणीचे उत्तर कोणत्या लाइनने परत पाठवायचे?

परभणी जिल्ह्यातले चारठाणा घेऊ. जिंतूरहून मंठ्याकडे आणि पुढे जालन्याकडे जाणाऱ्या बाजूला वसलेले, जुन्या मंदिरांचे, बारवांचे आणि उंच दीपमाळेचे हे गाव. जिंतूर तालुक्यातले हे महसूल मंडळाचे ठिकाण आहे, इथे पोलीस ठाणे आहे, आणि आसपासच्या खेड्यांची कामे इथे चालतात. समजा, अशा गावात एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने स्वतःचा छोटा सर्व्हर बसवला. सोयाबीन, तूर, हरभऱ्याची वजने, पावत्या, त्या दिवशीचा भाव, सगळे त्यावर. सभासद गावातून पाहतात, परभणीतून पाहतात, पुण्यात नोकरीला गेलेली मुले वडिलांची पावती तिकडूनच पाहतात. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे आहेत. पहिल्याला एका कंपनीचे फायबर, दुसऱ्याला दुसऱ्या कंपनीची टॉवरवरून येणारी बिनतारी जोडणी. पहिल्या कंपनीने पत्ता दिला १९८.५१.१००.१०, दुसरीने २०३.०.११३.२०. (हे पत्ते खरे कोणाचेच नाहीत. पुस्तकांत आणि लेखांत उदाहरणाला वापरण्यासाठी २०१० पासून या मालिका राखून ठेवल्या आहेत.)

पहिला पत्ता पुण्यातून लगेच उघडतो. दुसरा उघडत नाही. चाक फिरत राहते आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो. दुसऱ्या कंपनीला फोन जातो. त्यांचा माणूस स्वतःच्या राउटरवरून सर्व्हरला पिंग करून, म्हणजे छोटा चाचणी-निरोप पाठवून पाहतो, तर उत्तर ताबडतोब येते. ‘आमची लाइन ओके आहे’ असे म्हणून तो निघून जातो. पहिली कंपनी म्हणते, आमच्या लाइनवर तर सगळे चालूच आहे. दोघेही खरे बोलत असतात आणि पुण्यातल्या मुलाला पावती मिळत नाही ती नाहीच.

बिघाड समजून घ्यायला एकाच पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या एका छोट्या तुकड्याच्या मागे जायला हवे. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर दोन पत्ते असतात, निघण्याचा आणि पोहोचण्याचा. पुण्याहून निघालेल्या पॅकेटवर निघण्याचा पत्ता आहे १९२.०.२.५५ आणि पोहोचण्याचा २०३.०.११३.२०. ते दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून चारठाण्यात व्यवस्थित येते. सर्व्हर उत्तर तयार करतो आणि पत्त्यांची अदलाबदल करतो. आता निघण्याचा पत्ता २०३.०.११३.२० आणि पोहोचण्याचा १९२.०.२.५५. इथपर्यंत सगळे बरोबर.

मग सर्व्हर आपला मार्गांचा तक्ता उघडतो. त्यात तीन ओळी आहेत. १९८.५१.१००ने सुरू होणारे पत्ते पहिल्या कार्डावरून. २०३.०.११३ने सुरू होणारे दुसऱ्या कार्डावरून. बाकी सगळे जग पहिल्या कार्डावरून, म्हणजे फायबर कंपनीच्या १९८.५१.१००.१ या गेटवेकडे, बाहेरच्या दाराकडे. या तिसऱ्या ओळीला डिफॉल्ट मार्ग म्हणतात. नियम असा की जुळणाऱ्या ओळींपैकी जी सर्वांत नेमकी असेल ती घ्यायची. १९२.०.२.५५ पहिल्या ओळीत बसत नाही, दुसरीत बसत नाही, म्हणून तिसरी लागू होते. उत्तर फायबरने निघते.

तक्ता पाहताना सर्व्हरने पॅकेटचा निघण्याचा पत्ता बघितलाच नाही, आणि मेख तिथेच आहे. हा सर्व्हरचा दोष म्हणता येत नाही. सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलचा जो दस्तऐवज प्रसिद्ध झाला, त्यापासून राउटिंगची नेहमीची रीत हीच आहे: पॅकेटला कुठे जायचे ते पाहा, कुठून आले ते पाहू नका. एकच दार असलेल्या यंत्राला ही रीत कधीच अडचणीची ठरत नाही. दोन दारे झाली की ठरते. मंठ्याकडून आलेल्या पाहुण्याला परतीला जिंतूरच्या गाडीत बसवून द्यावे, तसा हा प्रकार होतो.

आणि दुसऱ्या कंपनीच्या माणसाला पिंगचे उत्तर का मिळाले, तेही यावरून उलगडते. त्याचा राउटर २०३.०.११३च्याच मालिकेत होता. त्याला दुसरी ओळ लागू झाली आणि उत्तर योग्य कार्डावरून गेले. लाइन तपासायची ती नेहमी बाहेरच्या तिसऱ्या ठिकाणाहून तपासावी, हे यासाठीच. स्वतःच्या राउटरवरून घेतलेली चाचणी नेमका हाच बिघाड लपवते.

फायबरने निघालेल्या उत्तराचे पुढे काय होते? फायबर कंपनीचा राउटर पाहतो की आपल्या ग्राहकाकडून आलेल्या पॅकेटवर निघण्याचा पत्ता भलत्याच कंपनीचा आहे. तो ते पॅकेट टाकून देतो. ना सर्व्हरला निरोप, ना पुण्याला. हा कडकपणा उगाच आलेला नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर हल्ला झाला. हल्लेखोराने खोट्या पत्त्यांवरून जोडणीच्या मागण्यांचा इतका मारा केला की कंपनीची सेवा कित्येक दिवस विस्कळीत राहिली. अशा खोट्या पत्त्यांना उगमापाशीच अडवावे, म्हणजे प्रत्येक कंपनीने आपल्या ग्राहकाकडून फक्त त्याला दिलेला पत्ताच बाहेर जाऊ द्यावा, अशी शिफारस मे २००० मध्ये पॉल फर्ग्युसन आणि डॅनियल सेनी यांनी लिहिली. जगभरच्या चांगल्या कंपन्या ती पाळतात, आणि पाळायलाच हवी. चारठाण्यातल्या प्रामाणिक सर्व्हरचे उत्तर त्या चाळणीत अडकते, कारण बाहेरून पाहता तेही खोट्या पत्त्याचेच दिसते.

असे सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात, तिच्यातही अशीच एक चाळणी आहे. आलेल्या पॅकेटला उत्तर द्यायचे झाले तर आपण त्याच कार्डावरून देऊ का, हे ती पाहते, आणि ‘नाही’ असे असेल तर कडक मांडणीत पॅकेट आत येताच फेकून देते. रेड हॅट कंपनीच्या लिनक्स प्रणालींवर ही कडक मांडणी सहाव्या आवृत्तीपासून आपोआप चालू असते. तेव्हा काही सर्व्हरांवर उत्तर चुकीच्या लाइनने जाण्याची वेळच येत नाही, मागणीच मरते. अनेक जण वैतागून ही चाळणी बंद करून टाकतात. त्याने बिघाड एक पाऊल पुढे सरकतो, जात नाही.

खरा उपाय लिनक्समध्ये पंचवीस वर्षांहून अधिक काळ आहे. जानेवारी १९९९ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची २.२ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर एकापेक्षा जास्त मार्ग-तक्ते ठेवण्याची सोय आली. रशियन प्रोग्रामर अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांचे हे मोठे काम. त्यांच्याच ‘आयपी’ या आज्ञेने आजही जगभरचे तंत्रज्ञ मार्ग लिहितात. मांडणी अशी असते: मुख्य तक्ता आहे तसा ठेवायचा. दुसऱ्या लाइनसाठी वेगळा तक्ता करायचा आणि त्यात डिफॉल्ट मार्ग दुसऱ्या कंपनीच्या गेटवेकडे लिहायचा. मग एक नियम जोडायचा: ज्या पॅकेटचा निघण्याचा पत्ता २०३.०.११३.२० असेल, त्याच्यासाठी हा दुसरा तक्ता पाहा. पहिल्या पत्त्यासाठीही तसाच तक्ता आणि तसाच नियम.

नियमांना क्रमांक असतात. शून्य क्रमांकाचा नियम यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यांचा, ३२७६६ क्रमांकाचा मुख्य तक्त्याचा. आपले नियम या दोहोंच्या मध्ये बसतात, म्हणून मुख्य तक्त्याच्या आधी वाचले जातात. एवढे केले की मागणी ज्या पत्त्यावर आली त्याच पत्त्याच्या लाइनने उत्तर परत जाते. लिनक्सची चाळणीही हेच नियम वाचते, त्यामुळे तिचीही तक्रार राहत नाही. मोजक्या ओळींचे हे काम आहे, आणि या मोजक्या ओळींअभावी कितीतरी संस्थांची दुसरी लाइन वर्षानुवर्षे निव्वळ भाडे खात पडून असते.

खेडेगावात त्यात एक भर पडते. आज्ञा देऊन लिहिलेले मार्ग आणि नियम यंत्राच्या चालू स्मरणात राहतात. वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली, सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला, की ते पुसलेले असतात. चार महिने व्यवस्थित चाललेली दुसरी लाइन एका रात्रीच्या भारनियमनानंतर ‘आपोआप’ बंद पडते ती अशी. नियम कायमच्या मांडणीत, म्हणजे उबंटू या लिनक्स प्रणालीवर नेटप्लॅनच्या किंवा इतरत्र नेटवर्क मॅनेजरच्या फाइलीत लिहावे लागतात. हे काम करणाऱ्याकडून ते लिहून घ्यावे आणि त्याच्यासमोर सर्व्हर एकदा बंद-चालू करून पाहावा.

दुसरी लाइन म्हणून सिमकार्डाचा राउटर लावणारे पुष्कळ आहेत. बाहेर जाणाऱ्या कामासाठी तो उत्तम. ऑनलाइन फॉर्म भरणे, बँकेचा व्यवहार, सरकारी पोर्टल, सगळे चालते. पण बाहेरच्याने आत यायचे असेल तर तो सहसा निरुपयोगी ठरतो. जगातल्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि आशिया-पॅसिफिक विभागाच्या वाट्याचा मुक्त साठा त्याच वर्षीच्या १५ एप्रिलला. त्यामुळे मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवतात. त्यासाठी १००.६४ने सुरू होणारी खास मालिकाही एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवली गेली. सिमवरच्या राउटरला असा पत्ता दिसला की समजावे, बाहेरून कोणी थेट इथे पोहोचणार नाही. अशा वेळी सर्व्हरनेच आतून बाहेर, एखाद्या शहरातल्या डेटा सेंटरमधल्या यंत्रापर्यंत व्हीपीएनची जोडणी उघडून ठेवायची आणि लोकांना त्या यंत्राचा पत्ता द्यायचा. मग फायबर चालू असो की सिम, बाहेरच्यांना पत्ता एकच दिसतो. छोट्या संस्थेला हा मार्ग दोन स्थिर पत्ते विकत घेण्यापेक्षा बहुधा परवडतो.

दोन लाइनींबद्दलचा आणखी एक समज दुकानदारच पसरवतात: पन्नास आणि पन्नास मिळून शंभरचा वेग. प्रत्यक्षात राउटर वाहतूक वाटतो ती जोडणीनिहाय. एक जोडणी या लाइनवर, पुढची त्या लाइनवर. एकच मोठी फाइल उतरवताना ती एकाच लाइनच्या वेगाने उतरते. पन्नास जण एकाच वेळी काम करत असतील तर दोन्ही लाइनींचा उपयोग दिसतो. एकाच जोडणीला दोन्ही वाटांवर पसरवणारी मल्टिपाथ टीसीपी ही रीत जानेवारी २०१३ मध्ये मांडली गेली, त्याच वर्षी ॲपलने आयफोनवरच्या सिरीसाठी ती वापरली आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत ती मुख्य गाभ्यात आली. मात्र दोन्ही टोकांना ती यावी लागते, म्हणून गावातल्या सेवा केंद्रात तिच्यावर विसंबता येत नाही.

लाइन मेली हे ओळखणेही वाटते तितके सोपे नसते. भिंतीवरच्या डब्याचा हिरवा दिवा एवढेच सांगतो की डब्यापासून पुढच्या यंत्रापर्यंत तार शाबूत आहे. केबल त्याही पुढे, जिंतूरजवळ तुटलेली असेल तर दिवा हिरवाच राहतो आणि सर्व्हर आनंदाने पॅकेटे मेलेल्या वाटेवर ओतत राहतो. म्हणून दर काही सेकंदांनी लांबच्या एखाद्या पत्त्याला, त्या-त्या लाइनमधून पिंग करून पाहणारी छोटी आज्ञावली ठेवतात. सलग काही उत्तरे चुकली की ती डिफॉल्ट मार्ग बदलते. बदलताना चालू असलेल्या जोडण्या तुटतात, कारण पत्ता बदलतो. पावती भरता भरता पुन्हा लॉगिन करावे लागते. सभासदांना हे आधी सांगून ठेवलेले बरे.

दोन लाइनी असूनही सगळे थांबू शकते, याचे मोठे उदाहरण मुंबईत घडले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू व्हायला दुपारचे ३.४५ वाजले आणि त्या दिवशी बाजार ५ पर्यंत चालवावा लागला. आपल्याकडे दोन सेवा पुरवठादारांच्या अनेक लाइनी आहेत आणि दोघांनीही अडचण कळवली आहे, असे बाजाराने सांगितले. नंतरच्या खुलाशात खोदकाम आणि बांधकामाचा उल्लेख आला, आणि लाइनी अस्थिर झाल्यावर माहिती साठवणारी यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही हेही आले. देशातल्या सर्वांत मोठ्या बाजाराची ही गत, तर एका तालुक्यातल्या संस्थेने दुसरी लाइन घेताना निदान एवढे तरी विचारावे: या दोन कंपन्यांच्या केबली एकाच चरातून तर येत नाहीत ना? नावे वेगळी असली तरी अनेकदा दुसरी कंपनी पहिलीच्याच केबलमधली जागा भाड्याने घेते. जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. फायबरच्या जोडीला टॉवरची लाइन घेणे यासाठी बरे, आणि तो टॉवर त्याच फायबरवर चालत नाही ना, हेही विचारणे बरे.

मोठ्या संस्थांची रीत वेगळी असते. त्यांचे पत्ते कंपनीकडून उसने घेतलेले नसतात, स्वतःचे असतात, आणि स्वतःचा नेटवर्क क्रमांकही असतो. भारतात हे दोन्ही निक्सी या संस्थेच्या आयआरआयएनएन या विभागाकडून मिळते. मग बीजीपी या प्रोटोकॉलने दोन्ही कंपन्यांमार्फत जगाला कळवायचे की हे पत्ते आमच्याकडे आहेत, दोन्ही वाटांनी या. एक वाट बंद पडली की जगभरचे राउटर आपसांत निरोप देऊन दुसरी धरतात आणि पत्ता तोच राहतो. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या एका बैठकीत जेवणाच्या टेबलावर कर्क लॉहीड आणि याकॉव रेख्तर या अभियंत्यांनी कागदी रुमालांवर या प्रोटोकॉलची रूपरेषा काढली. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबली तुटून भारताचे इंटरनेट अडखळले, तेव्हा वाहतूक पूर्वेकडून पॅसिफिकमार्गे वळवली गेली ती याच प्रोटोकॉलच्या आधारे. पण जगभर मान्य होणारा सर्वांत छोटा गठ्ठा २५६ पत्त्यांचा असतो. चारठाण्यातल्या आपल्या कंपनीला एवढी खटपट परवडणारी नाही आणि तिला तिची गरजही नाही.

गावापर्यंत येणारी वाटच दुहेरी व्हावी, हा विचार आता सरकारी योजनेतही आला आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे तिचे नाव भारतनेट पडले. तिच्यातल्या बहुतेक केबली सरळ रेषेत गेल्या: तालुक्याहून एक गाव, त्यापुढे दुसरे. मध्ये तुटले की पुढची सगळी गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत ही मांडणी बदलून वलय करायचे ठरले आहे. वलयात प्रत्येक ग्रामपंचायतीला दोन बाजूंनी वाट मिळते, आणि एका बाजूला तुटले तर राउटर वाहतूक दुसऱ्या बाजूने फिरवतो. काम नीट झाले तर गावांसाठी ही फार मोठी गोष्ट ठरेल.

तोवर ज्या संस्थेकडे दोन लाइनी आहेत, मग ती पतसंस्था असो, शाळा असो की दवाखाना, तिने महिन्यातून एकदा, कामाची गर्दी नसताना, पहिल्या लाइनची वायर स्वतःच्या हाताने काढावी आणि बाहेरगावच्या कोणाला तरी फोन करून सर्व्हर उघडतो का ते विचारावे. मग ती लावून दुसरी काढावी. शेवटी सर्व्हर बंद करून चालू करावा आणि दोन्ही पत्ते पुन्हा बाहेरून तपासावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. यात काही अडले तर दुसऱ्या लाइनचे पुढचे बिल भरण्याआधी तंत्रज्ञाला बोलवा आणि मार्गांचा तक्ता समोर उघडायला लावा.